पाहुण्यांसाठी खेळलेला सामना

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. सांगायची वेळ अनेकदा आली, आणि दर वेळी मी विषय बदलला. घरात टीव्हीवर कबड्डी लागली की जावई म्हणतो, तुम्ही तर एकेकाळी सरपंच होता, सांगा की काहीतरी. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. मग मी मातीच्या मैदानांबद्दल बोलतो, चुन्याच्या रेषांबद्दल बोलतो, आणि एका संध्याकाळच्या अलीकडे येऊन थांबतो. त्या संध्याकाळबद्दल ज्याला काही सांगायला हवं होतं, तो माणूस गेल्या वर्षी वारला. आता निदान लिहून तरी ठेवतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी सोलापुरात एका खाजगी शाळेत ड्रिल मास्तर होतो. नोकरी तात्पुरती होती. दर उन्हाळ्यात ती संपायची आणि जूनमध्ये, संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात असेल तर, पुन्हा सुरू व्हायची. अध्यक्षांचं सात रस्त्याजवळ सायकलींचं दुकान होतं. त्यांच्याच चाळीतल्या एका खोलीत आम्ही नवराबायको राहत होतो. शाळा त्यांची, खोली त्यांची आणि गल्लीतलं क्रीडा मंडळही त्यांचंच. सकाळी दार उघडलं की समोर त्यांचा ओटा, आणि ओट्यावर दात घासत ते स्वतः. माणूस वाईट नव्हता. बायकोला दिवस गेले तेव्हा त्यांच्या घरून रोज ताक यायचं. पण आपल्या जगण्याच्या सगळ्या किल्ल्या एकाच माणसाच्या कनवटीला आहेत, हे मला ते ताक पितानाही विसरता यायचं नाही.

मंडळ दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर कबड्डीच्या स्पर्धा भरवायचं. त्यातली मोठी स्पर्धा कशाला म्हणायचं, यावर सायकलच्या दुकानात बारा महिने वाद चालायचा. एकजण म्हणायचा, जिथली ढाल उचलायला दोन माणसं लागतात ती मोठी. दुसरा म्हणायचा, बघायला आलेल्यांच्या सायकली लावायला जागा पुरत नाही ती मोठी. पंक्चर काढणारा म्हातारा म्हणायचा, जिथं भांडण होतं ती मोठी, बाकी सगळ्या पोरांच्या. अध्यक्षांचं मत ठरलेलं होतं. पाहुणा मोठा, तर स्पर्धा मोठी.

संघटनेच्या लेखी मात्र ढाल, सायकली आणि पाहुणे यांना काही किंमत नव्हती. स्पर्धेला मान्यता हवी असेल तर बाहेरच्या जिल्ह्यांतले संघ आले पाहिजेत, मैदान मापात असलं पाहिजे, सरपंच सोडून बाकीचे पंच बाहेरगावचे असले पाहिजेत, आणि अंतिम सामना संघटनेच्या निरीक्षकानं डोळ्यांनी बघितला पाहिजे. यातलं काही चुकलं तर स्पर्धा कितीही दणक्यात होवो, ती गल्लीतली स्पर्धा. पलीकडच्या पेठेतल्या मंडळाला आदल्या वर्षी मान्यता मिळाली होती आणि तेव्हापासून आमच्या अध्यक्षांना जेवण गोड लागत नव्हतं. त्या वर्षी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मास्तर, यंदा मोठी स्पर्धा झाली पाहिजे. तुम्ही सरपंच. बाकी मी बघतो."

या मान्यतेवर आणखी एक गोष्ट अडकलेली होती. गावातल्या एका गिरणीला स्वतःचा संघ बांधायचा होता. गिरणीच्या लेबर ऑफिसरनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की मान्यता असलेल्या स्पर्धेत जो संघ जिंकेल त्यातली दोन पोरं गिरणीत लावून घेऊ. मान्यता नसेल तर नाही. तो स्वतः सामने बघायला यायचा नाही. संघटनेनं कळवलेला निकाल त्याला पुरेसा होता.

सांगोल्याकडच्या एका वस्तीवरून एक संघ आला होता. सगळी मेंढपाळांची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरं. दुष्काळात मेंढरं मेली तेव्हा ही पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेली होती. त्यांच्यातला मुख्य चढाई करणारा गडी उंच, काटकुळा, पायांनी हरणासारखा. बूट नाहीत, नुसते पाय. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मी मैदान आखत होतो तर तो आपण होऊन आला आणि दोरीचं दुसरं टोक धरून, एक टाच उचलून उभा राहिला.

"मास्तर, जिंकलो तर खरंच गिरणीत घेत्यात व्हय?"

मी म्हटलं, घेतात. स्पर्धा मान्यतेची आहे.

तो थोडा वेळ दोरी ताणून उभा राहिला. मग म्हणाला, "मग जिंकावंच लागंल की."

ते एकेक सामना मारत अंतिम सामन्याला पोचले. समोर आमच्या मंडळाचा संघ. त्याचा कप्तान शहराच्या पूर्वभागातल्या एका विणकराच्या घरचा, घरात तेलुगू बोलणारा, दिवसभर मागावर काम करून संध्याकाळी सरावाला येणारा सरळ मुलगा. गिरणीतली नोकरी त्यालाही हवी होती. कुणाला नको होती?

अंतिम सामना उन्हं उतरल्यावर होता. दिव्यांची सोय नव्हती, त्यामुळे अंधाराआधी तो संपवणं भाग होतं. प्रमुख पाहुणे म्हणून एक पुढारी येणार होते, आणि संघटनेच्या निरीक्षकांना ते आपल्या गाडीतून घेऊन येणार होते. अध्यक्षांना यात दुहेरी मान वाटत होता. वेळ झाली तरी गाडी आली नाही. मग दुकानात ट्रंक कॉल आला की गाडी मोडनिंबला बंद पडली आहे, मिस्त्री सापडला आहे, निघतोच.

आम्ही थांबलो. भोंग्यावर एकच तबकडी वाजत राहिली. दोन्ही संघ अंग गरम करून पुन्हा गार झाले. बाहेरगावचे दोन पंच घड्याळ बघायला लागले, त्यांना रेल्वे गाठायची होती. ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं तेव्हा ते मला म्हणाले, सरपंच, सुरू करताय का आम्ही जाऊ? मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते म्हणाले, सुरू करा, पाहुणे दुसऱ्या डावापर्यंत पोचतील.

मला नियम माहीत होता. निरीक्षक नसताना अंतिम सामना सुरू करायचा नाही, हे मला तिथल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. पण अध्यक्ष सुरू करा म्हणाले होते, आणि मी शिट्टी वाजवली.

तसा सामना मी पुन्हा पाहिला नाही. पहिल्या डावात आमचा संघ पुढे होता. दुसऱ्या डावात त्या काटकुळ्या पोरानं एकट्यानं तो मागं खेचला. शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते. तो मध्यरेषा ओलांडून गेला, डाव्या कोपऱ्यात आमच्या कप्तानानं त्याचा घोटा धरला, वर दोघं पडले, आणि त्या ढिगाखालून त्याचा दम चालूच होता. कबड्डी, कबड्डी, अगदी बारीक आवाजात, विहिरीतून यावा तसा. मग एक हात बाहेर आला आणि बोटं रेषेवर टेकली. मी रेषेजवळ वाकून बघत होतो. नखांना चुना लागला होता. दोन्ही पंचांनी हात वर केले, मी शिट्टी वाजवली, आणि शाळेतून आणलेल्या फळ्यावर सांगोल्याच्या संघाचे गुण वाढले. ते जिंकले होते. तिथं कुणालाही शंका नव्हती. आमचा कप्तान स्वतः उठून त्याला मिठी मारून आला.

पंचांनी टांगा केला आणि ते स्टेशनकडे गेले. बघ्यांतले बरेचजण घरी निघाले. आणि मैदान निम्मं रिकामं झाल्यावर गाडी आली. पुढारी उतरले, निरीक्षक उतरले, हार झाले, नारळ झाले.

आता पुढचं नीट सांगितलं पाहिजे, कारण त्यात कुणी डाव टाकला असं नव्हतं. आमच्याकडे ही रीतच होती. शाळेच्या संमेलनात पाहुणे उशिरा आले की मुलांकडून लेझीम पुन्हा करून घ्यायची. पाहुण्यांनी काहीच न बघता परत जायचं, हे बरं दिसत नाही. मी स्वतः किती वेळा दमलेल्या मुलांना पुन्हा रांगेत उभं केलं असेल. अध्यक्ष दोन्ही संघांकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, पोरांनो, पाहुणे लांबून आलेत, जरा खेळून दाखवा. पोरं हसली. सांगोल्याच्या पोरांनी तर पोटभर पाणी पिऊन गूळशेंगदाणे खाल्ले होते. तरी ती उठली. जिंकलेल्याला नाही म्हणवत नाही.

अध्यक्ष मला म्हणाले, "मास्तर, तेवढा फळा पुसा. पाहुण्यांना गोंधळ नको."

मी फळा पुसला. आमची पद्धत अशी, की गुण फळ्यावर मांडायचे आणि सगळं आटोपल्यावर कागदावर उतरवून घ्यायचे. पहिल्या सामन्याचे गुण अजून कुठंच उतरवलेले नव्हते. मास्तर माणसाचा हात फळ्यावर आपोआप फिरतो. पुसून झाल्यावर मी हात झटकले, तेही आठवतं.

मग तो दुसरा खेळ झाला. सांगोल्याची पोरं मजेत खेळली. तो काटकुळा गडी दम घेताना हसत होता, आणि हसला की दम तुटत होता. एकदा आमच्या कप्तानानं त्याला धरलं तर तो सुटायची खटपटही न करता म्हणाला, "घ्या की, पाहुण्यांना दाखवायचंय न्हवं." लोक हसले, पाहुणेही हसले. मी शिट्ट्या वाजवत होतो, फळ्यावर गुण चढत होते, आणि आमचा संघ सहज पुढे राहिला. अंधार पडायला आला तेव्हा मी खेळ थांबवला.

पाहुण्यांनी माईक हातात घेतला. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते अंतिम सामना म्हणून पाहिलं. छान बोलले. मातीतला खेळ, तरुणांची रग वगैरे. आणि म्हणाले, विजयी संघाच्या कप्तानानं पुढं यावं. असं म्हणून त्यांनी ढाल उचलली आणि आमच्या कप्तानाकडे पाहिलं.

तो व्यासपीठावर चढला नाही. व्यासपीठाच्या पायरीशी मी उभा होतो, तिथं येऊन तो हळूच म्हणाला, "मास्तर, हे बराबर नाही."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते पाहुण्यांच्या मागं उभे होते आणि त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, आत्ता नको. मोठ्या माणसाला माईकवर चुकवायचं नसतं. नंतर बघू. मी कप्तानाला हातानं खूण केली, जा, घे. तो गेला, त्यानं ढाल घेतली आणि ती पोटाशी न धरता लांब धरली, ओली असल्यासारखी.

खाली सांगोल्याच्या संघात कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष तिकडे धावले. ऐकू येत नव्हतं, पण काय सांगत असतील ते मला कळत होतं. पाहुणे जाऊ द्या, ढाल तुमची तुम्हाला देऊ. त्यांची शेवटची एसटी होती, आणि वडीलधाऱ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायची त्यांना सवय होती.

निरीक्षकांचं लक्ष त्या कुजबुजीकडे गेलं. ते व्यासपीठावरून उतरून माझ्याकडे आले. अध्यक्षही परत आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. हात जड नव्हता. मित्र ठेवतो तसा होता.

निरीक्षक म्हणाले, "सरपंच, मी बघितला तोच अंतिम सामना ना?"

मला उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही, पण त्या वेळात मी सगळीकडे जाऊन आलो. खरं सांगावं, तर अंतिम सामना निरीक्षकाविना झाला असं होतं. मग मान्यता गेली. मान्यता गेली की गिरणी कुणालाच घेणार नाही, त्या पोरालाही नाही. शिवाय सुरू करायची शिट्टी मीच वाजवलेली. जून, खोली, बायकोचे भरलेले दिवस, समोरचा ओटा. आणि खोटं सांगावं, तर तो पोरगा तिथं, दहा हातांवर, सदरा खांद्यावर टाकून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. काळजीनं नव्हे. सामना मी रेषेवर वाकून बघितला होता, तेव्हा मी काय सांगणार याबद्दल त्याला काळजीच नव्हती.

"हो," मी म्हणालो. "तोच."

त्यानं ते ऐकलं. सदरा अंगात घातला आणि एसटी गाठायला आपल्या संघामागून चालत गेला. नंतर मी फळ्यावरचे गुण कागदावर उतरवले आणि सही केली.

काही दिवसांनी तो शाळेच्या फाटकाशी आला. ढाल अर्थातच त्यांच्याकडे गेली नव्हती. अध्यक्ष म्हणत होते की पाहुण्यांच्या हातची ढाल आता परत कशी घ्यायची. तास चालू होता, मुलं कवायत करत होती. मी त्याला बाजूला घेतलं. त्यानं नमस्कार केला, पहिल्यासारखाच.

"मास्तर, ढाल राहू द्या तुमच्याकडं. फकस्त गिरणीतल्या सायबाला तेवढं सांगा की. तुमी बघितलंय."

मी त्याला समजावलं. खूप शहाण्यासारखं समजावलं. मी खरं सांगितलं तर मान्यता रद्द होईल, मग ती मोठी स्पर्धाच राहणार नाही, आणि तुझ्या जिंकण्याला किंमत राहणार नाही. साहेब तुलाही घेणार नाही.

त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजी तुमी खरं बोलला तर कुणीच जिंकलं न्हाय, आन् न्हाय बोलला तर आमी न्हाय जिंकलो."

मी म्हटलं, असंच आहे ते.

"मास्तर, तुमी त्या दिशी लई वाकून बगत हुता," तो म्हणाला. "म्हणून आलो." आणि गेला. मुलं हात वर करून उभी होती, मी खाली घ्या म्हणायचं विसरलो होतो.

फाटकाशी मी त्याला सांगितलं ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला इतकी वर्षं ते पुरलं. आज दिसतं की त्या कोंडीला एक दार होतं. गिरणीच्या साहेबाकडे मी एकटा जाऊ शकलो असतो. स्पर्धेचं राहू द्या, पण हा मुलगा तुमच्या संघात घ्या, मी त्याला खेळताना पाहिलंय, एवढं म्हणू शकलो असतो. गिरणी माझ्या शाळेच्या वाटेवर होती. मी रोज तिच्या भिंतीला घासून सायकलवरून जायचो. साहेबानं कदाचित ऐकलंही नसतं. पण मी गेलो नाही, कारण गेलो असतो तर त्यानं विचारलं असतं, तुम्हाला या पोराचा एवढा पुळका का?

स्पर्धेला मान्यता मिळाली. पुढच्या वर्षी कुठून कुठून संघ आले. आमच्या संघातले दोघे गिरणीत लागले. कप्तान त्यातला एक. तो नंतर मला रस्त्यात दिसला की सायकल दुसऱ्या बोळात घालायचा. जूनमध्ये मी कायम झालो. मुलगी झाली. चाळीतली खोली सोडून आम्ही दोन खोल्यांत गेलो, त्याही अध्यक्षांच्याच ओळखीनं मिळालेल्या.

पुढं काही वर्षांनी, पॅसेंजरनं अक्कलकोटकडे निघालो होतो. होटगीजवळ गाडी सिग्नलला थांबली. रुळाच्या कडेला गँगची माणसं खडी ओढत होती. त्यांच्यात तो सांगोल्याचा पोरगा होता. अंगानं भरला होता, पण उभं राहायची पद्धत तीच, एक टाच उचललेली, निघायच्या तयारीत. माझी खिडकी त्याच्या अगदी समोर आली होती. मी उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ऊन येतंय. ऊन पलीकडच्याच बाजूला होतं.

निवृत्त झाल्यावर, अध्यक्षही गेल्यावर, माझ्यावर कुणाचीच किल्ली उरली नाही. तरी मला सांगोल्याची एसटी धरायला आणखी कितीतरी वर्षं लागली. शेवटी एकदा गेलो. वस्ती शोधत गेलो तेव्हा तो मेंढरांसाठी बाभळीचा पाला तोडत होता. त्याचे केस पांढरे झाले होते. मला त्यानं लांबूनच ओळखलं आणि कोयता खाली ठेवून आला. पाया पडला. मी त्याला तू म्हणावं का तुम्ही, हे मला कळेना. म्हणून नुसतं बरं आहे ना, असं विचारलं.

त्यानं घोंगडं अंथरलं. बायकोला हाक मारून सांगितलं, "ह्ये सोलापूरचं मास्तर. ह्यांच्याच शिट्टीवर आमी ती मोठी फायनल खेळलो."

तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "जी हरला, ती व्हय?"

तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. वाट बघितल्यासारखा. मी एक शब्द बोलायचा अवकाश होता. चुलीत काटक्या तडतडत होत्या.

"व्हय," तो म्हणाला. "तीच. हरलो आमी."

इतकी वर्षं त्यानं घरात तसंच सांगितलं होतं. का, ते मी विचारलं नाही. जिंकलो म्हणावं तर मग नोकरी का नाही लागली ते सांगावं लागलं असतं, आणि मग मास्तरांचं सांगावं लागलं असतं. तिनं ताटली पुढं केली. ज्वारीची गरम भाकरी, शेंगाचटणी, वर तेल. मी जेवलो. पावसाचं बोललो, मेंढरांच्या भावाचं बोललो. तो हो ला हो म्हणत राहिला आणि वाढत राहिला.

मला पोचवायला तो फाट्यापर्यंत आला. वाटेत मी मनातल्या मनात घोकत होतो, सोलापूरहून निघाल्यापासून घोकत होतो: त्या दिवशी तुम्ही जिंकला होता. तुमची बोटं रेषेवर टेकलेली मी बघितली. फळा मी पुसला, आणि खोटं मी बोललो. मला माफ करा.

एसटी आली. त्यानं माझी पिशवी वर दिली. मी दांडी धरून वळलो, तो खाली उभा होता, एक टाच उचललेली.

मी म्हणालो, "येतो."